सौद्याआधीची हातोडी

मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही चाळीस फुटी शिडाची नौका कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरून इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला परत निघाली होती. नौकेवर चौघे ब्रिटिश होते. किनाऱ्यापासून सातशे मैलांच्या आसपास, भर अटलांटिकमध्ये असताना तिच्यात पाणी शिरू लागल्याचा निरोप आला आणि पाठोपाठ संपर्क तुटला. काही दिवसांनी अमेरिकी नौदलाला ती उलटी तरंगताना सापडली. जीव वाचवण्यासाठी ठेवलेला तराफा न उघडलेल्या अवस्थेत आतच होता. चौघांपैकी एकही जण सापडला नाही. नौकेच्या तळाची कीलही जागेवर नव्हती.

कील म्हणजे बोटीच्या तळाखाली बोल्टांनी आवळून बसवलेले शिशाचे किंवा बिडाचे वजन. शिडात वारा भरून बोट एका अंगावर कलली, तरी हे वजन तिला पुन्हा सरळ करते. ते निखळले की मोठी नौकाही क्षणात पालथी होऊ शकते. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१५ मध्ये अहवाल दिला. नौका याआधी तळाला घासली होती, त्यानंतर तिची दुरुस्तीही झाली होती, आणि या दोन्हींच्या एकत्रित परिणामाने कील जिथे बसते तो भाग कमकुवत झाला असावा, असे त्यात म्हटले होते. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट जुनी बोट घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. फायबरग्लासची बोट तळाला हलकीशी घासली तरी आतून मोठे नुकसान होऊ शकते आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘चीकी रफिकी’ खरेदी-विक्रीतली बोट नव्हती, पण तिचा दोष ज्या प्रकारचा होता, तसे दोष घेऊनच कितीतरी जुन्या बोटी बाजारात येतात. वरून पाहावे तर चकचकीत पॉलिश, नव्या गाद्या आणि धुऊन लख्ख केलेला डेक. घेणाऱ्याला जे दिसते ते विकणाऱ्याने दाखवण्यासाठीच तयार केलेले असते. जे दिसत नाही ते शोधायला पाश्चात्त्य देशांत एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे, तो मरीन सर्व्हेअरचा.

जुन्या बोटींचा बाजार एवढा मोठा का आहे, याचे उत्तर त्या ज्यापासून बनतात त्या मालात आहे. लाकडी बोटीची सतत निगा राखावी लागते. दुर्लक्ष झाले की ती कुजते किंवा समुद्री किडे तिला आतून पोखरतात. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची फायबरग्लास बोट आली आणि हे चित्र बदलले. अमेरिकेत १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ‘पिअर्सन ट्रायटन’ ही अठ्ठावीस फुटी नौका दहा हजार डॉलरच्या आतल्या किमतीत मांडली गेली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी तिच्यावर उड्या घेतल्या. फायबरग्लास किती वर्षे टिकेल याचा अंदाज त्या काळी नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या बोटींचे थर चांगले जाडजूड घातले जात. त्या पिढीतल्या कितीतरी बोटी आजही पाण्यावर आहेत.

जुनी बोट म्हणजे धोक्याची बोट, असेही नाही. ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात. तिच्या २०२२ च्या पर्वात भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी दुसरे आले. त्यांची ‘बायनात’ ही ‘रस्टलर ३६’ बनावटीची नौका होती. पहिल्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर यांची ‘मिनेहाहा’ १९८८ मध्ये बांधलेली होती. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर त्यांनी तिची कसून डागडुजी करून घेतली आणि मगच ती शर्यतीत उतरवली. तेव्हा बोट किती जुनी आहे यापेक्षा तिचे काय बिघडले आहे, आणि ते दुरुस्त करायला किती खर्च येईल, हे ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

जहाज पारखून त्याला दर्जा देण्याची पद्धत अडीचशे वर्षांहून जुनी आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजांचा विमा उतरवणारे व्यापारी जमत. आपण कोणत्या जहाजावर पैसे लावतो आहोत हे त्यांना कळायला हवे होते. त्यातूनच १७६० मध्ये एक संस्था स्थापन झाली आणि १७६४ मध्ये जहाजांची पहिली सूची निघाली. जाणकार माणसे जहाज पाहून त्याच्या कायेला आणि साहित्याला वेगवेगळा दर्जा देत. ‘लॉइड्स रजिस्टर’ची सुरुवात ही अशी झाली. आपल्याकडचे ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ १९७५ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. या संस्थांचा मुख्य भर मोठ्या जहाजांवर असतो. तीस-चाळीस फुटी खासगी बोट तपासणारा सर्व्हेअर मात्र बहुतेक वेळा एकटा काम करतो.

त्याचे काम बोटयार्डात सुरू होते. बोट क्रेनच्या रुंद पट्ट्यांत उचलून पाण्याबाहेर आणतात. तळावरचे शेवाळ आणि शिंपले पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढतात. मग सर्व्हेअर बोटीभोवती एक फेरी मारतो. या फेरीत तो कशालाही हात लावत नाही, फक्त कडेने नजर टाकून पृष्ठभाग सपाट आहे की कुठे आत दबला आहे ते बघतो. मूळ रंगाशी न जुळणारा एखादा पट्टा दिसला, तर तिथे केव्हातरी दुरुस्ती झाली आहे, असे तो टिपून ठेवतो.

त्यानंतर हातोडी बाहेर येते. ती कठीण प्लास्टिकची किंवा तशीच हलकी असते, म्हणजे बोटीवर ओरखडा उमटत नाही. सर्व्हेअर हल, म्हणजे बोटीची मूळ काया, बित्ताबित्तावर ठोकत पुढे सरकतो. मडके घेताना बोटाने टिचकी मारून पारखावे, तसेच हे. थर एकजीव असतील तर आवाज टणक आणि स्वच्छ येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल तर आवाज बसका आणि बोजड होतो. आवाज जिथे बदलतो तिथे तो खडूने खूण करतो, मग चारी बाजूंनी ठोकत सदोष भागाची कड शोधतो. कधी हाताएवढी एकच खूण होते, तर कधी तासाभरात एका बाजूला अख्खा नकाशा उमटतो. ग्राहकाने या वेळी तिथे हजर असावे. अहवालातली चार वाक्ये वाचून जे कळत नाही, ते हा फरक स्वतःच्या कानांनी ऐकला की कळते.

मग पाळी येते ओलावा मोजणाऱ्या यंत्राची. तळाचा शेवाळरोधक रंग जागोजागी थोडा खरवडून ते यंत्र हलला टेकवतात. त्यावरचा आकडा मात्र समजून वाचावा लागतो. बोट नुकतीच पाण्यातून काढली असेल, आतल्या बाजूला पाण्याची टाकी किंवा धातूची पट्टी असेल, तर काटा उगाच वर जातो. निष्णात सर्व्हेअर एकट्या यंत्रावर भरवसा ठेवत नाही. त्याचा आकडा आणि हातोडीचा आवाज यांचा तो मेळ घालून पाहतो.

तळावर फोड दिसले तर विशेष सावध व्हावे लागते. फायबरग्लासच्या वरच्या थरातून पाणी थोडेथोडे आत झिरपते, राळेतले काही घटक त्यात विरघळतात आणि आम्लधर्मी द्रव तयार होतो. हा द्रव आणखी पाणी ओढून घेतो, दाब वाढतो आणि फोड येतो. तो फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे चिकट पाणी बाहेर येते. अशा फोडांमुळे बोट बुडण्याची वेळ सहसा येत नाही. पण ते सर्वत्र पसरले असतील तर वरचा थर सोलायचा, बोट आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने वाळू द्यायची आणि मग इपॉक्सीचे नवे थर चढवायचे, एवढे सारे करावे लागते. मोजके फोड आणि सर्वांगावर पसरलेले फोड यांच्यातल्या फरकाने बोटीची किंमत बरीच खाली येऊ शकते.

डेकची गोष्ट याहून फसवी. वजन कमी ठेवण्यासाठी अनेक डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड भरलेले असते. कठड्याचे खांब, कड्या, खिडक्या बसवताना त्यातून भोके पाडतात. या भोकांभोवतीचे सीलंट काही वर्षांत सुकते, पाणी आत उतरते आणि लाकूड कुजू लागते. वरचा थर मात्र शाबूत दिसतो. पाय ठेवल्यावर डेक किंचित दबला, तर आत पोकळी झालेली असू शकते.

मग येतात पाण्याखालचे वॉल्व. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेण्यासाठी आणि सांडपाणी बाहेर सोडण्यासाठी हलला भोके असतात, त्यांवर हे वॉल्व बसवलेले असतात. ते कांस्याचे असतील तर दीर्घकाळ टिकतात. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त झिजून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. असा वॉल्व वर्षानुवर्षे जागेवर दिसतो आणि एखाद्या दिवशी हाताच्या झटक्यासरशी तुटतो. शिडाच्या बोटीत डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा तपासतात. दहा ते पंधरा वर्षांनी त्या बदला, असा आग्रह पुष्कळ विमा कंपन्या धरतात. ‘व्हॉल्वो पेंटा’च्या सेलड्राइव्ह प्रकारात इंजिनाचा पाय हलमधून थेट खाली उतरतो. त्याच्याभोवतीचा रबरी पडदा दर सात वर्षांनी बदलावा, असे कंपनीच सांगते. तो शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदलण्याचा खर्च घेणाऱ्याने आपल्या हिशेबात धरलेला बरा.

स्वयंपाकाच्या गॅसची नळी आणि विजेच्या वायरी यांकडे नवखा ग्राहक सहसा पाहत नाही, सर्व्हेअर मात्र त्यांवर बराच वेळ घालवतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये, साचून राहतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मागच्या चार मालकांनी आपापल्या सोयीने जोडलेल्या वायरी आगीला कारण ठरू शकतात.

इंजिन तपासायला बहुतेक वेळा वेगळा मेकॅनिक बोलवावा लागतो. ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. ग्राहक पोहोचण्याआधीच मालकाने ‘जरा गरम करून ठेवले’ असेल, तर चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यावी, कारण थंड इंजिन सुरू होताना काय कुरकुर करते तेच तर बघायचे असते. धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर इंजिनावर ताण आहे किंवा डिझेल नीट जळत नाही. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर आत कोणता धातू झिजतो आहे आणि खारे पाणी शिरले आहे का, हेही कळते. शेवटी समुद्रात फेरी मारून पूर्ण वेग देऊन पाहतात.

लोखंड-फायबरइतकेच कागद तपासणेही गरजेचे. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक बोटीवर बारा अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, मागच्या फळीवर उजव्या अंगाला. १९८४ पासून तोच क्रमांक बोटीत आणखी एका लपलेल्या जागी कोरावा लागतो. दोन्ही क्रमांक आणि कागद जुळत नसतील तर बोट चोरीची असण्याची शक्यता असते. दुसरी भीती वादळग्रस्त बोटींची. २०१२ च्या सँडी वादळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे ६५,००० खासगी बोटींचे नुकसान झाले, असा ‘बोटयूएस’ या बोटमालकांच्या संघटनेचा अंदाज होता. विमा कंपनी अशी बोट पूर्ण निकामी ठरवून मालकाला पैसे देते आणि बोट लिलावात काढते. ती कुणीतरी स्वस्तात घेतो, रंगवतो आणि दुसऱ्या राज्यात विकतो. कपाटाच्या आतली पाण्याची रेघ, टाकीमागे अडकलेला गाळ, विजेच्या पॅनेलमागे हिरवे पडलेले जोड, एवढ्यावरून जाणता सर्व्हेअर तिचा इतिहास ओळखतो. हल नुकसानग्रस्त असल्याचा शेरा मालकीच्या कागदावर कायमचा लिहिण्याचा कायदा काही अमेरिकी राज्यांनी केला, तो अशाच व्यवहारांमुळे.

एवढे सारे तपासणारा माणूस कोण असावा? अमेरिकेत खासगी बोटीचा सर्व्हेअर होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून जाणकार ‘सॅम्स’ किंवा ‘नॅम्स’ या संघटनांच्या सदस्याला बोलवा असे सांगतात; ब्रिटनमध्ये ‘वायडीएसए’ आणि ‘आयआयएमएस’ या संस्था आहेत. सदस्यत्व पाहावे, विम्याची कागदपत्रे पाहावीत आणि त्याने पूर्वी लिहिलेला एखादा अहवाल, नावे झाकून का होईना, मागून घ्यावा. त्यावरून त्याची पारख होते.

त्याला नेमावे घेणाऱ्याने, पैसेही घेणाऱ्यानेच द्यावेत. मालकाला बोट विकायची असते. दलालाचे कमिशन सौदा झाला तरच हाती पडते. बोटीच्या प्रेमात पडलेल्या ग्राहकालाही मनातून ‘सगळे ठीक आहे’ हेच ऐकायचे असते. सौदा झाला काय नि मोडला काय, ज्याची फी तेवढीच राहते असा त्या दिवशीचा माणूस म्हणजे सर्व्हेअर. दलालाने सुचवलेले नाव आपसूक मान्य करू नये, ते यासाठी. मालकाने दाखवलेल्या जुन्या अहवालावरही विसंबू नये. तो दुसऱ्या कुणासाठी, दुसऱ्या हेतूने लिहिलेला असतो.

खर्चाचा अंदाज अमेरिकेत बोटीच्या लांबीवरून, फुटामागे साधारण वीस-पंचवीस डॉलरपासून पुढे, असा बांधतात. बोट वर काढण्याचे आणि इंजिन तपासणीचे पैसे वेगळे. पन्नास हजार डॉलरच्या बोटीसाठी हजार-दीड हजार डॉलर जादा मोजताना अनेकांचा हात आखडतो. पण ब्रिटनमध्ये खासगी मालकाकडून बोट घेतली, तर दुकानदाराकडून घेताना मिळणारे ‘माल समाधानकारक असावा’ हे कायद्याचे संरक्षण मिळत नाही. सही झाल्यावर कुजलेला डेक सापडला, तर तो नव्या मालकाचा डेक असतो.

म्हणून व्यवहाराचा क्रम महत्त्वाचा. आधी किंमत ठरते, पण ‘सर्व्हे समाधानकारक असल्यास’ या लेखी अटीवर. मग अनामत रक्कम दिली जाते, साधारणपणे किमतीच्या दहा टक्के. त्यानंतर सर्व्हे होतो. अहवालात मोठा दोष निघाला तर घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: मालकाकडून दुरुस्ती करून घेणे, किंमत कमी करून घेणे किंवा अनामत परत घेऊन बाजूला होणे. ही अट लेखी नसेल तर तिसरी वाट बंद होऊ शकते.

अहवाल हाती आला की यादीची लांबी पाहून घाबरू नये. तीस वर्षांच्या बोटीत पन्नास नोंदी निघणे स्वाभाविक आहे. त्यातल्या कोणत्या जिवाशी संबंधित आहेत, कोणत्या विम्यासाठी लागणार आहेत आणि कोणत्या सवडीने करता येतील, हे अहवालात वेगळे लिहिलेले असावे. नसेल तर विचारून घ्यावे. काय तपासले नाही याचीही नोंद बारकाईने वाचावी. सर्व्हेअर बोट फोडून पाहत नाही. कीलचे बोल्ट बाहेर काढल्याशिवाय आतून दिसत नाहीत, बंदिस्त टाकीच्या मागे हात पोहोचत नाही. अशा जागांबद्दल शंका असेल तर मालकाच्या परवानगीने एखादा बोल्ट काढून पाहण्याचा वेगळा खर्च करावा लागतो. पूर्वी कधी तळाला घासलेल्या बोटीसाठी तो खर्च टाळू नये.

महाराष्ट्र-गोव्यात खासगी बोटींची हौस वाढते आहे आणि पर्यटनासाठी जुन्या बोटी घेणारेही आहेत. इथे सर्व्हे हा शब्द मुख्यतः सरकारी प्रमाणपत्राशी जोडला जातो. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार देशांतर्गत जलमार्गांवर यंत्राने चालणाऱ्या बोटींना सर्वेक्षण आणि नोंदणी करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळ आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स या यंत्रणा बोटींचे नियमन पाहतात. बोट चालवायला योग्य आहे का, एवढ्यापुरते हे प्रमाणपत्र असते. मागितलेली किंमत रास्त आहे का, येत्या दोन वर्षांत किती खर्च निघेल, याची उत्तरे त्यात नसतात.

घेतलेल्या बोटीचा वापर बदलायचा असेल तर तज्ज्ञाचा सल्ला अधिकच आवश्यक. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूर इथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची दुमजली बोट उलटून २२ जण मृत्युमुखी पडले. मूळच्या मासेमारीच्या बोटीत बदल करून ती बनवलेली होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे पुढे आले. मासे तळाच्या खणात राहतात, तर माणसे वरच्या मजल्यावर चढतात. वजन वर गेले की त्याच बोटीचा तोल पार बदलतो. त्याचे गणित आधी जहाजरचनाकाराकडून करून घ्यायला हवे.

आपल्या किनाऱ्यावर या कामासाठी एक सोयीचा काळ आयताच मिळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते आणि कितीतरी बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तळ, वॉल्व, पंखा, सुकाणू, सगळे उघड्यावर असते आणि बोट वर काढण्याचा वेगळा खर्चही पडत नाही. ज्यांना जुनी बोट घ्यायची आहे त्यांनी सर्व्हे याच महिन्यांत करून घ्यावा. मात्र पावसात हल ओला असतो, तेव्हा ओलावा मोजणाऱ्या यंत्रापेक्षा हातोडीवर भर द्यायला सर्व्हेअरला सांगावे. इंजिनाची समुद्रातली चाचणी पाऊस ओसरल्यावरच होऊ शकते. म्हणून किमतीतला ठरावीक हिस्सा त्या चाचणीनंतर देण्याची अट करारात जूनमध्येच लिहून घ्यावी आणि चाचणीच्या दिवशी त्याच सर्व्हेअरला बोटीवर बरोबर न्यावे.